गॅरंटीची वर्षं

बेसबॉलचा सीझन सुरू झाला की आमचे घरमालक उदास व्हायचे.

"संपलं," म्हणायचे. "आता ऑक्टोबरपर्यंत नुसता खेळ."

खेळात त्यांना काडीचा रस नव्हता. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात आणि बॅट गोल असते, एवढं मलाही माहीत आहे. काकांना याहून फार जास्त माहीत असावं असं मला कधी वाटलं नाही. त्यांचा जीव होता करारांत. अमेरिकेतल्या कुठल्या टीमनं कुठल्या खेळाडूला किती वर्षांसाठी बांधून घेतलं, त्यातली गॅरंटीची वर्षं किती, मधेच सोडून जायची मुभा कुणाला, त्याला न विचारता दुसऱ्या टीमला देऊन टाकता येतं का, आणि खेळणं थांबल्यावरही पैसे किती काळ येत राहणार. सीझन संपला की तिकडे ही खरेदी सुरू होते. तिकडे थंडी, म्हणजे इथे ब्रिस्बेनला उन्हाळा. आमचं सगळं उपनगर, स्प्रिंगफील्ड लेक्स, गाड्यांवर सर्फबोर्ड बांधून समुद्राकडे निघालेलं असायचं, आणि काका बनियनवर, पंख्याखाली, फोन हातात धरून कोण्या डावखुऱ्या पिचरची सही व्हायची वाट बघत बसलेले.

डिसेंबरात तिकडच्या सगळ्या टीम्सचे कारभारी म्हणे एका हॉटेलात जमतात. त्या आठवड्यात आमच्याकडचा नळ गळला तरी काकांना सांगायची सोय नव्हती. एकदा माझ्या नवऱ्यानं सांगून पाहिलं. "गळू द्या," काका म्हणाले. "इथे माणसाचं आयुष्य ठरतंय."

त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला जोडलेला ग्रॅनी फ्लॅट आम्ही भाड्यानं घेतला, ती हकीकत सांगितली पाहिजे. आम्ही घर बघितलं, काकांनी भाडं सांगितलं, भाडं वाजवी होतं. माझा नवरा लगेच म्हणाला, "चालेल, काका."

काकांचा चेहरा उतरला. "चालेल?"

"हो."

"असं काहून चालेल? तुम्ही काही मागितलंच नाही."

"भाडं ठीक आहे की."

"भाडं सोडा हो. अजून काय काय मिळू शकतं ते विचारलं का तुम्ही? जा, घरी जा, नीट विचार करा. पहिल्या ऑफरला हो म्हणणारा माणूस मला घरात नको."

गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "हा माणूस वेडा आहे."

"घर चांगलं आहे," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी एकटीच परत गेले. कपडे वाळत घालायला उन्हातली जागा मागितली. अर्धं गॅरेज मागितलं. घर विकायचं ठरलं तर आम्हाला सहा महिने आधी सांगायचं, असंही म्हटलं. या शेवटच्या मागणीला काकांनी डोळे मिटून मान हलवली. गाण्याच्या बैठकीत चांगली जागा आली की रसिक हलवतात ना, तशी.

"बसा, भाडेकरूबाई," ते म्हणाले. "चहा टाकतो."

तेव्हापासून मी भाडेकरूबाई. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी घेतल्याचं आठवत नाही.

काका मूळचे नागपूरचे. मोठमोठ्या पाइपलाइनींची ड्रॉइंग्ज करण्यात त्यांची नोकरी गेली, अर्धी तिकडे, अर्धी इथे. बेसबॉल त्यांच्या आयुष्यात आला तो इथल्या ऑफिसातल्या एका अमेरिकन साहेबामुळे. साहेब जेवणाच्या सुट्टीत आपल्या लाडक्या टीमच्या नावानं बोटं मोडत होता: एका पिचरला भली मोठी रक्कम देऊन पुष्कळ वर्षांसाठी घेतलं आणि पहिल्याच वर्षी त्याचा हात कामातून गेला. आता तो घरी बसून आहे, चेंडूला शिवत नाही, आणि टीम वर्षानुवर्षं त्याचे पैसे भरते आहे. साहेबाला हा जगातला सगळ्यात मोठा अन्याय वाटत होता.

"मी म्हटलं, साहेब, परत सांगा," काका मला सांगत होते. "हात गेला, तरी पैसे?"

"हो."

"साहेबही हो म्हणाला. मी म्हटलं, सगळे?"

"म्हणजे तुम्ही साहेबाला असं विचारलंत?"

"हाव. तीनदा विचारलं. साहेबाला वाटलं मला इंग्रजी कळत नाही."

हे सांगताना ते सावजी मटणासाठी लसूण सोलत होते. एप्रिलमधली जयंती हा त्यांच्या उदास महिन्यांतला एकच उजळ दिवस. इकडची पाच-सहा कुटुंबं त्यांच्याकडे जमायची, सकाळी वंदना व्हायची, आणि दुपारी त्यांच्या हातचं मटण, जे खाऊन माझा पुणेरी नवरा घळाघळा रडायचा आणि पुन्हा वाढून घ्यायचा. त्याच लसणाबरोबर त्यांनी मला वडिलांचं सांगितलं. वडील नागपुरात कापडगिरणीत होते, पण बदली कामगार. म्हणजे रोज सकाळी डबा घेऊन गेटवर उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आलं नाही तर त्याच्या जागी आत घेणार, नाहीतर घरी.

"बाबा लवकर परत आले की आम्ही पोरं खूश," काका म्हणाले. "काहून की त्यांचा डबा आम्हाला मिळे. आई तेवढी तोंड फिरवून बसे. आम्हाला वाटे, हिला काय झालं?"

मग त्यांनी लसणाची सालं गोळा केली आणि यंदा तिकडच्या एका तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूला आठव्या वर्षाची गॅरंटी देणं हा कसा शुद्ध गाढवपणा आहे, हे समजावून सांगायला सुरुवात केली.

ओळखीतल्या प्रत्येकाला त्यांनी वर्षं वाटून ठेवली होती. आमचा डॉक्टर: पाच, आणि त्याला हलवायचं नाही या अटीवर. जयंतीच्या समितीचे सेक्रेटरी: एक, तेही कामगिरी बघून. माझ्या नवऱ्याला चार. माझी लेक तेव्हा बारावीत होती. तिला त्यांनी सरळ बारा देऊन टाकली. "तरुण आहे," म्हणाले. "दुसरं कुणी उचलायच्या आत बांधून घ्यावं."

लेक मला म्हणाली, "मम, ही इज सो रँडम," पण दोन दिवस खुशीत होती.

"आणि मला?" मी विचारलं.

"तुम्हाला सहा. मागितली असती तर आठ दिली असती."

काकू जाऊन काही वर्षं झाली होती. मी एकदा विचारलं, काकूंना किती दिली असती? काका म्हणाले, "मी कोण देणारा? तिनं मला दिली. मधे सोडून जायची मुभा तिच्याकडे होती. कारणंही होती. वापरली नाही तिनं." आणि चष्मा पुसायला आत गेले.

मी एका डेंटल क्लिनिकचं ऑफिस सांभाळते. तिथली मॅनेजरची जागा मला देऊ केली तेव्हा मी "थँक यू सो मच" म्हणून मोकळी झाले, आणि मोठ्या हौसेनं येऊन काकांना सांगितलं. त्यांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. मग एका रविवारी दार वाजवून आले. "भाडेकरूबाई, तुम्ही मंडईत मेथीच्या जुडीसाठी भांडत असाल ना?"

"भांडते."

"मग स्वतःसाठी काहून नाही? आपल्या लोकांचं हेच कळत नाही मला. भाजीवाल्याला रडवता आणि साहेबानं काही दिलं की पाया पडायलाच जाता."

मी म्हटलं, तसं मागायला बरं वाटत नाही. ते म्हणाले, बरं वाटायला तुम्ही देवळात चालल्या का? पुढच्या वर्षी त्यांनी माझी तयारी करून घेतली. साहेबानं आकडा सांगितला की समोरचा ग्लास उचलायचा आणि पाणी प्यायचं. ग्लास रिकामा होईतो तोंडातून शब्द काढायचा नाही. मी तसं केलं. अर्ध्या ग्लासातच माझ्या बॉसनं घाबरून शाळांच्या सुट्टीत अर्धवेळ यायची सवलत देऊ केली. मला तीच हवी होती. काकांना सांगितलं तर म्हणाले, "अर्ध्यावर थांबल्या? अजून अर्धा ग्लास होता ना?"

एका शनिवारी मी त्यांना जवळच्या मैदानावर खराखुरा बेसबॉल बघायला नेलं. एकदा तरी बघा म्हटलं, सारखे सह्यांबद्दल काय बोलता. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. आम्ही तिथलं ते पावात घालून देतात ते सॉसेज घेतलं आणि बाकावर बसलो. पिचर लाल दाढीचा, दांडगा गडी होता. इनिंग संपून तो आमच्या बाकाशेजारी पाणी प्यायला आला, तर काका उठून त्याच्यासमोर उभे.

"हाऊ मेनी इयर्स हॅव यू गॉट?"

तो गोंधळला. "इयर्स? नाह मेट, आयम जस्ट हिअर फॉर द आर्व्हो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाला?"

"फक्त आजच्या दुपारपुरता आलोय म्हणाला."

त्यानंतरची मॅच त्यांनी पाहिलीच नाही. घरी येताना गाडीत म्हणाले, "दुपारपुरता! आणि त्याचा खांदा गेला तर?"

"सुतारकाम करतो तो, काका. मघाशी बोलत होता. दोन दिवस घरी बसेल."

"काही लेखी नाही?"

"हौस म्हणून खेळतात ही माणसं. मजा म्हणून."

"मजा," काका म्हणाले. घराशी आल्यावर उतरता उतरता म्हणाले, "चांगला टाकत होता बिचारा," आणि आपल्या दारानं आत गेले.

मग ते पडले. सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्यावरून आत ओढत आणताना ड्राइव्हवेवर पाय घसरला आणि मनगट मोडलं. मी कामावर जायला निघाले होते म्हणून दिसले तरी. त्यांना इस्पितळात नेलं, प्लास्टर झालं, आणि अॅडलेडला त्यांच्या मुलीला फोन केला.

मुलगी अॅडलेडच्या मॉसन लेक्स भागात राहते, तिथल्या युनिव्हर्सिटीत आहे. नवरा आणि शाळेत जाणारा एक मुलगा. मिळेल ते विमान पकडून ती आली, तीन दिवस राहिली, फ्रीज साफ केला, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. निघायच्या आधी, मी तिथेच होते, ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आमच्याकडेच या ना. मागची रूम रिकामीच आहे. थोडे महिने राहा, सी हाऊ वी गो."

"विचार करतो," काका म्हणाले.

तिला विमानतळावर सोडून मी परत आले तर काका स्वयंपाकघरात उभे होते, प्लास्टरचा हात छातीशी धरून.

"ट्रायलवर बोलावतेय," ते म्हणाले.

"मुलगी आहे तुमची."

"म्हणून तर."

इथे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की या माणसाला जायचं आहे. मुलीची खोली कुठल्या दिशेला आहे, शाळा घरापासून किती लांब, तिकडे थंडीत हीटर लागतो का, हे सगळं त्यांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं. म्हणजे तिच्याकडून खोदून खोदून विचारून घेतलं होतं. फक्त हो म्हटलं नव्हतं.

सीझन संपला, सह्यांचे दिवस आले. त्या वर्षी तिकडे एक नावाजलेला पण वयानं उतरलेला खेळाडू कुणी घेत नव्हतं, म्हणजे एखादं वर्ष देत होते आणि त्याला चार हवी होती. काका त्याच्या बातम्या रोज बघायचे. "तोही थांबलाय, मीही थांबलोय," म्हणायचे. मुलगी दर रविवारी फोन करायची आणि विचारायची, "बाबा, मग येताय ना?" काका म्हणायचे, "ऑफर सुधारली का?" तिला ती थट्टा वाटायची. ती हसायची, मग हवापाण्याचं बोलणं व्हायचं, मग नातू दोन मिनिटं इंग्रजीत बोलून पळायचा.

मी म्हटलं, "काका, तिला सरळ सांगा ना, काय पाहिजे ते."

"मागून घेतलेल्याला काही अर्थ नसतो."

"अहो, सगळ्या गावाला मागायला शिकवता तुम्ही!"

"ते साहेबाकडे," काका म्हणाले. "पोरीकडे कोणी मागतं का?"

आता याला काय म्हणायचं? मी माझ्या घरी येऊन पोळ्या लाटायला घेतल्या.

जानेवारीनंतर मुलीनं विचारणं सोडून दिलं. आणि मार्चमध्ये एका रविवारी ती म्हणाली की मागच्या खोलीत एक स्टुडंट ठेवायचा विचार चाललाय. त्यांच्या भागात युनिव्हर्सिटीमुळे खोल्यांना मागणी असते, आणि तुम्ही येत नाहीच म्हणता, तर रूम अशीच पडून राहते. काका "ठीक आहे" म्हणाले आणि फोन टेबलावर उपडा ठेवला. त्याच दिवशी तो उतारवयाचा खेळाडू एका वर्षाच्या करारावर सही करून बसला. ही बातमी काकांना मी सांगितली, त्यांनी पाहिलीच नव्हती.

"बाजार गेला, भाडेकरूबाई," ते म्हणाले. त्यानंतर चार दिवस त्यांच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला नाही.

माझा स्वार्थ उघड होता. काका गेले की घर विकलं जाणार, आणि या भागात दुसरं घर शोधायचं म्हणजे शनिवार-रविवार रांगेत उभं राहून चाळीस जणांबरोबर एकच बाथरूम बघायचं. पण रोज सकाळी त्यांचं ते तोंड बघणंही मला परवडणारं नव्हतं. मी जेवणाच्या सुट्टीत क्लिनिकमधून मुलीला फोन लावला.

"त्यांना यायचंय," मी म्हटलं.

"मग येत का नाहीत, ताई? आय हॅव आस्क्ड हिम लाइक हंड्रेड टाइम्स!"

"तू सी हाऊ वी गो म्हणालीस."

"सो? इथे सगळेच तसं म्हणतात."

"त्यांना वर्षं हवीत."

"कसली वर्षं?"

"किती वर्षं ठेवून घेणार ती. गॅरंटीची."

ती चिडली. "ठेवून घेणार म्हणजे? ही इज माय डॅड. त्यांना वाटतं का मी त्यांना परत पाठवीन?"

"तुझे आजोबा काय करायचे?"

"मिलमध्ये होते ना. का?"

"बदली होते."

"म्हणजे?"

तिला माहीत नव्हतं. भाडेकरणीला लसूण सोलताना सांगितलेली गोष्ट पोटच्या मुलीला सांगितली नव्हती. मी दोन वाक्यांत सांगितलं, डब्याचंही सांगितलं. माझ्या समोर एक पेशंट गाल धरून उभा होता, त्यामुळे लांबण लावायला वेळ नव्हता. ती म्हणाली, "शुक्रवारी येते मी. बाबांना सांगा, ऑफर सुधारलीय."

मी निरोप दिला. काकांनी शुक्रवारी दाढी केली.

शनिवारी सकाळी त्यांनी मला बोलावणं धाडलं. "भाडेकरूबाई पाहिजेत," म्हणाले. "साक्षीला कोणी असलेलं बरं." टेबलाच्या एका बाजूला ते, इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. दुसऱ्या बाजूला मुलगी, डोळे प्रवासानं तांबारलेले. मी कडेला.

"बोल," काका म्हणाले.

"दहा वर्षं," मुलगी म्हणाली.

काका माझ्याकडे वळले. मला वाटलं आता आनंदानं काही म्हणतील. त्यांचा चेहरा मात्र माझ्या नवऱ्यानं पहिल्या दिवशी "चालेल" म्हटलं तेव्हा झाला होता तसा.

"दहा?" ते मुलीला म्हणाले. "कोणी शिकवलं तुला हे? माझं वय पाहिलं का?"

"पाहिलं. दहा."

"अगं, या वयाच्या माणसाला दहा कोण देतं? पहिली दोन-तीन वर्षं होईल काम माझ्याकडून. पोराला शाळेतून आणीन, वरणभात लावीन. मंग गुडघे जातील. कान जातील. मंग तुझ्या डोक्यावर बसलेला असीन मी, आणि तुला हलवता येणार नाही. अशानंच टीम्स बुडतात! तीन दे. चौथं तुझ्या मर्जीवर."

"मर्जीबिर्जी नाही. दहा."

"पाच."

"बाबा, दहा."

"बाजारभाव तर बघ जरा!"

"आणि नो ट्रेड," ती म्हणाली. "तुम्हाला विचारल्याशिवाय कुठेही पाठवायचं नाही. एज्ड केअरमध्ये पण नाही."

काका थांबले. "हे कुठून काढलं?"

"विमानात वाचलं. इट्स अॅक्च्युअली क्वाइट इंटरेस्टिंग."

"माझी एक अट आहे," काका घाईघाईनं म्हणाले. बाजू पडायला लागली की माणूस विषय बदलतो, तसे. "हे घर विकायचं नाही. भाडेकरूबाईंना तीन वर्षं. लेखी."

"काका, मी काही मागितलं नाहीये," मी म्हटलं.

"तुम्ही कधी मागता का?" ते माझ्यावर खेकसले.

"डन," मुलगी म्हणाली.

माझं काम इतक्यात झालं, तेही एक घोट पाणी न पिता. काकांनी तिच्याकडे नाराजीनं पाहिलं. एवढ्या लवकर डन म्हणतात का कोणी? मग त्यांनी टेबलावरचा चमचा उचलून सरळ ठेवला.

"आणि समज," ते म्हणाले, आणि हा आवाज घासाघिशीचा नव्हता, "समज दुसऱ्याच वर्षी मी अंथरुणाला खिळलो. उठता येईना, बसता येईना. मंग?"

"गॅरंटीड म्हणजे काय, बाबा?"

"काय म्हणजे?"

"मला नीट माहीत नाही. तुम्ही सांगा. गॅरंटीड म्हणजे काय?"

हा प्रश्न काकांना उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणी विचारला असता तर त्यांनी अर्धा तास व्याख्यान दिलं असतं.

"खेळता नाही आलं," ते शेवटी म्हणाले, "तरी."

"मग तेच."

बाहेर शेजारचा गवत कापत होता. यंत्राचा आवाज जवळ आला, लांब गेला. मी चहा टाकावा म्हणून उठत होते, पण उठले नाही.

"कागद कुठाय?" काकांनी विचारलं.

"कागद नाही आणला."

"तोंडीच?"

"तोंडीच."

"तोंडी कराराला काही अर्थ नसतो. कुठल्याही वकिलाला विचार."

"माहितीये," मुलगी म्हणाली, आणि त्यांच्याकडे बघत बसून राहिली. दुसरा युक्तिवाद तिच्याकडे नव्हता, आणि तो शोधायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

काकांनी शर्टाचं वरचं बटण काढलं.

"हिला काही कळत नाही," ते मला म्हणाले. "माझ्यासारखा मिळाला म्हणून, नाहीतर लुटली गेली असती." मग जरा वेळानं, "भाडेकरूबाई, तुमच्या नवऱ्याला हाक मारा. गॅरेजात फ्रीजरच्या मागे माझी मोठी बॅग आहे. माझ्या मनगटाला झेपत नाही अजून."

नवरा हाफ पॅन्टवर, हात पुसत आला. आम्ही तिघं त्याच्या मागोमाग गॅरेजच्या दारात जाऊन उभे राहिलो. त्यानं वाकून फ्रीजरच्या मागे हात घातला, रिकामी बॅग ओढावी तशी एका हातानं ओढली, आणि तिथेच अडकला.

"काका," तो म्हणाला, "ही तर भरलेली आहे."

मुलीनं काकांकडे पाहिलं. "बाबा, कधी भरलीत?"

"ओढू नका तशी," काका माझ्या नवऱ्याला म्हणाले. "उभी उचला. खाली लोणच्याची बरणी आहे."